सिनेमा संपल्यावर घरात काय बोललो?

मी सिनेमाची जाणकार नाही. कॅमेरा कुठे लावला, संकलन कसे झाले, यातले मला काही कळत नाही. यवतमाळ जिल्ह्यात राहणारी, रात्रीची भांडी आटोपून टीव्हीसमोर बसणारी एक साधी प्रेक्षक म्हणून जे वाटले तेवढेच इथे लिहिते आहे.

आपल्यातल्या काही घरांत सिनेमा अजिबात पाहिला जात नाही. त्या घरांचा मला आदर आहे, आणि त्यांचे मन वळवण्यासाठी हा लेख नाही. पण ज्या घरांत टीव्ही आहे आणि मुलांच्या हातात मोबाइल आहे, तिथे सिनेमा येतोच. पूर्वी तो थिएटरात असायचा, तिकीट काढून जावे लागायचे. आता उशाशी येऊन बसला आहे. मुलांनी एकट्याने कोपऱ्यात पाहण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून पाहावे आणि नंतर त्यावर बोलावे, असे आमच्या घरात ठरले. आम्ही पाच जण आहोत: सासूबाई म्हणजे अम्मी, माझे पती, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि मी.

आमची मोजपट्टी साधी आहे. सगळ्यांना एकत्र बसून पाहता आला का? संपल्यावर बोलण्यासारखे काही उरले का? आणि त्यात आपल्यासारखा माणूस असेल, तर तो खरोखर आपल्यासारखा होता का? तिसऱ्या प्रश्नाशी आम्ही सर्वात जास्त अडखळतो.

नवाब आणि आपण

अम्मींच्या आवडीचा सिनेमा म्हणजे १९६३ चा ‘मेरे महबूब’. राजेंद्रकुमार, साधना आणि अशोककुमार. नौशाद यांचे संगीत. लखनौच्या हवेल्या, झुंबरे, चिलमन, शेरवानी. अम्मी तो पाहताना अगदी तरुण होतात. सिनेमा गोड आहे, भाषा ऐकत राहावी अशी आहे, आणि घरातल्या कोणालाही मान खाली घालावी लागत नाही. पहिल्या प्रश्नाला पूर्ण गुण.

पण मुलीने विचारले, “अम्मी, आपले कोणी नवाब होते का?” अम्मी हसल्या. त्यांचे माहेर घाटंजीकडचे. लहानपणी त्या दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जात. त्यांचे वालिद बैलबाजारात दलाली करायचे. बोलणे अर्धे उर्दू, अर्धे वऱ्हाडी. असल्या घरावर कोणी सिनेमा काढला नाही. एकेकाळी ‘मुस्लिम सोशल’ नावाने कितीतरी चित्रपट निघाले, पण त्यातला मुसलमान बहुतेक नवाब, शायर नाहीतर कोठ्यावरची गाणारी. नवाब गेले तसा तो पडद्यावरचा मुसलमानही गेला. पुढे त्याच्या जागी नायकाचा जिवाला जीव देणारा मित्र आला आणि नंतर हातात बंदूक घेतलेला खलनायक. मध्ये जी कोट्यवधी साधी माणसे आहेत, किराणा दुकानवाले, शिक्षक, एसटीचे ड्रायव्हर, ती फारशी दिसली नाहीत.

एक मोठा अपवाद म्हणजे एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’. इस्मत चुगताई यांच्या कथेवर आधारलेला, १९७४ मध्ये प्रदर्शित झालेला. बलराज साहनी यांनी त्यात आग्र्याचा जोडे बनवणारा कारखानदार सलीम मिर्झा उभा केला आहे. फाळणीनंतर एकेक नातेवाईक पाकिस्तानात जातो, धंदा बसतो, बँक कर्ज देत नाही, राहते घर हातचे जाते. तरी तो माणूस आवाज चढवत नाही. शेवटी टांग्यातून स्टेशनकडे निघालेला सलीम मिर्झा रस्त्यातला मोर्चा पाहून परत फिरतो. माझे पती सहसा सिनेमा पाहताना झोपतात. त्या रात्री झोपले नाहीत.

भाड्याचे घर

आता विनोदी सिनेमाकडे येऊ. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ न पाहिलेले मराठी घर सापडणे कठीण, आणि आमचेही त्याला अपवाद नाही. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन आणि सिद्धार्थ रे असे चार तरुण. पुण्यात राहायला जागा नाही. घरमालकीण बाईंना फक्त जोडपी हवीत, म्हणून दोघे लुगडे नेसून बायको होतात. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची. माझा मुलगा प्रत्येक वेळी जमिनीवर लोळून हसतो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. तो पुण्यात शिकतो. तोही हसला आणि हसता हसता म्हणाला, “मामी, यांना निदान बायको दाखवून तरी घर मिळालं. मी काय दाखवू?” फोनवर सगळे ठरायचे, भाडे, अनामत, चावी कधी घ्यायची तेही. मग नाव विचारले जायचे आणि ‘खोली कालच गेली’ असे उत्तर यायचे. असे त्याच्या बाबतीत चार ठिकाणी झाले. पाचव्या ठिकाणी एका निवृत्त गुरुजींनी नाव ऐकून फक्त एवढेच विचारले, “जेवणाची सोय कुठे केलीस?” तो आजही तिथेच राहतो.

‘गर्म हवा’तला सलीम मिर्झाही भाड्याचे घर शोधत दारोदार फिरतो. एक सिनेमा रडवणारा, एक हसवणारा, आणि दोन्हींत गोष्ट एकच. ‘बनवाबनवी’ मला अजूनही तितकाच आवडतो. पण घर नाकारले जाणे ही काय चीज आहे, हे त्यावर हसणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असते असे नाही.

मैदानावरचा संशय

खेळाचे सिनेमे घरात सगळ्यांना चालतात. ‘दंगल’ चालला, ‘झुंड’ चालला. पण पुन्हा पुन्हा लागतो तो २००७ चा ‘चक दे! इंडिया’. हॉकीचा कर्णधार कबीर खान पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी चुकवतो आणि एका रात्रीत देशद्रोही ठरतो. आईला घेऊन वडिलोपार्जित घर सोडतो. सात वर्षांनी मुलींचा संघ घेऊन परत येतो आणि जिंकून दाखवतो.

या कथेमागे गोलरक्षक मीर रंजन नेगी यांचा अनुभव आहे, असे सांगितले जाते. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून ७-१ असा हरला आणि सगळा राग त्यांच्यावर निघाला. नेगी मुसलमान नाहीत. म्हणजे संशय कोणावरही येऊ शकतो. सिनेमाने त्या माणसाला कबीर खान हे नाव दिले आणि संशयाचे वजन किती वाढते ते दाखवले.

एक गोष्ट मात्र मला टोचते. कबीर खानला इज्जत परत मिळते ती विश्वचषक जिंकून. समजा मुली हरल्या असत्या तर? आपल्या मुलांना आपण नकळत हेच शिकवतो: तू पहिला ये, तू दुप्पट कर, मग कोणी बोट दाखवणार नाही. मेहनत करावीच. पण चाळीस टक्के मिळवणाऱ्या मुलाचाही या देशावर तेवढाच हक्क आहे, हेही त्याला घरातच सांगायला हवे.

आपल्या मातीचे दोन सिनेमे

यवतमाळचे नाव बाहेर दोन गोष्टींसाठी घेतले जाते, कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको-मुलांसह जीवन संपवले. आजही त्या तारखेला अनेक जण अन्नत्याग करतात.

या विषयावर दोन सिनेमे पाहिले. २०१० चा ‘पीपली लाइव्ह’ अनुषा रिझवी यांचा. नत्था नावाचा शेतकरी सरकारी मदतीसाठी मरणार अशी बातमी फुटते आणि टीव्हीवाल्यांची जत्रा भरते. आम्ही खूप हसलो. पण त्याच गावात होरी महतो नावाचा एक म्हातारा रोज माती खणून विकतो आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. कॅमेरे सगळे नत्थाच्या दारात. अम्मींना सबंध सिनेमात तेवढा एक माणूस लक्षात राहिला.

दुसरा २००९ चा ‘गाभ्रीचा पाऊस’, दिग्दर्शक सतीश मनवर. नाव उच्चारताच आपल्याकडचा माणूस हसतो, कारण ही आपलीच शिवी आहे, दगा देणाऱ्या पावसाला घातलेली. शेजारचा शेतकरी जीव देतो आणि अलकाच्या मनात भीती बसते की आपला नवराही तेच करील. ती छोट्या दिनूला बापाच्या मागावर ठेवते. बाप जिथे जाईल तिथे पोरगे. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी ही माणसे अशी वठवली आहेत की आपल्याच वेटाळातली वाटावीत. पेरणी, उलटलेली पेरणी, सावकार, वीज नसलेला पंप, हे सगळे आपण रोज बघतो.

आत्महत्या आपल्या दीनमध्ये हराम आहे, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे. पण तेवढे म्हणून आपण मोकळे होतो का? शेजाऱ्याचा हक्क हाही दीनचाच भाग आहे आणि तो शेजारी कोणत्या जातीधर्माचा आहे हे त्यात विचारलेले नाही. सिनेमा पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी माझे पती आमच्या मागच्या गल्लीतल्या एका कास्तकाराकडे विनाकारण जाऊन बसले. चहा पिऊन आले. सोयाबीन गेल्यापासून तो माणूस फारसा बाहेर पडत नव्हता.

वाघीण आणि नूरानी सर

आपल्या भागाची आठवण करून देणारा आणखी एक सिनेमा म्हणजे २०२१ चा ‘शेरनी’. सिनेमात गावे मध्य प्रदेशातली आहेत, पण राळेगाव-पांढरकवडा भागातल्या माणसाला अवनी वाघीण आठवल्याशिवाय राहत नाही. तेरा बळींचा ठपका असलेली टी-१ ऊर्फ अवनी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी लागून मेली. तिचे दोन बछडे मागे राहिले. त्या दोन वर्षांत कापूस वेचायला जाणाऱ्या बायका घोळक्याने जात आणि अंधाराआधी परतत. शहरात बसून वाघिणीसाठी रडणे सोपे आणि टीव्हीसमोर बसून ‘मारा’ म्हणणेही सोपे. सिनेमा दोन्ही बाजू ऐकतो. जंगल, खाण, गुरांचा चारा, निवडणूक, सगळे एकमेकांत अडकलेले आहे, हे मुलांनाही समजते.

विद्या बालन चांगलीच आहे. पण आमच्या घरात जिंकले ते विजय राज. त्यांनी हसन नूरानी नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक साकारले आहेत. कॉलेजात शिकवतात, गावकऱ्यांना समजावतात, वाघिणीला वाचवण्यासाठी धडपडतात. कव्वाली नाही, बंदूक नाही, आपण देशावर प्रेम करतो हे सिद्ध करणारे भाषण नाही. नाव हसन आहे एवढेच. आमच्या तिसऱ्या प्रश्नाला इतके सरळ उत्तर फार कमी सिनेमांनी दिले. मुलीने विचारले, “प्राणिशास्त्र घेतलं तर जंगलात काम मिळतं का?” टिपेश्वर अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. तिला एकदा तिकडे न्यायचे ठरले आहे.

इन्सियाची आई

२०१७ च्या ‘सीक्रेट सुपरस्टार’वर आमच्याकडे वाद झाला. बडोद्याची इन्सिया, गाण्याची आवड. बाप मारकुटा. आई नजमा आपला सोन्याचा हार विकून लेकीला लॅपटॉप घेऊन देते आणि बाप तो लेकीलाच खिडकीतून फेकायला लावतो. माझ्या पतींचे म्हणणे, “जालीम बाप दाखवायचा तर मुसलमानच का सापडला?” त्यांचे म्हणणे अगदी चूक नाही, कारण पडद्यावर आपली घरे इतकी कमी दिसतात की एक फारूक सगळ्यांचा चेहरा होतो.

पण त्याच सिनेमात नजमाही आहे, प्रेमळ बडी आपाही आहे, आणि त्याही मुसलमानच आहेत. शेवटी विमानतळावर नजमा नवऱ्याला सोडून मुलांना घेऊन निघते, तेव्हा आमच्याकडे बसलेल्या शेजारच्या दोन बायका एकदम गप्प झाल्या. कोणाच्या मनात काय होते मी विचारले नाही. बायकोवर हात उचलणे हे कोणत्याही घराची अब्रू नाही. ते लपवल्याने अब्रू राखली जात नाही, हे आपल्या आपसात तरी बोलले पाहिजे.

इन्सिया झालेल्या झायरा वसीमने २०१९ मध्ये दीनचे कारण देऊन सिनेमा सोडला. कोणी तिला शाबासकी दिली, कोणी टर उडवली. मला वाटते, गायचे ठरवणारी इन्सिया आणि सोडायचे ठरवणारी झायरा, दोघींचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. सिनेमा त्यासाठीच तर भांडत होता.

भीतीचा सिनेमा

भुताखेतांचे सिनेमे मी घरात लावू देत नाही. एक सवलत ‘तुंबाड’ला दिली, तीही मुले झोपल्यावर. २०१८ मध्ये आला तेव्हा फारसा चालला नाही, २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा गर्दी झाली. शापित वाड्यात सोन्याची मोहर शोधणारा विनायकराव. भीती राक्षसाची वाटते, पण खरा राक्षस हाव आहे, जी बापाकडून मुलाकडे जाते. हावेबद्दल आपण वाझमध्ये किती ऐकतो! इथे ती डोळ्यांनी दिसते. लहान मुलांना मात्र दाखवू नये.

असे हे एका घराचे मत. तुमचे वेगळे असेल आणि असावेच. मुलांना सिनेमापासून लांब ठेवायचे की जवळ बसवून दाखवायचे, हे प्रत्येक घराने ठरवावे. दाखवायचे ठरवले तर टीव्ही बंद केल्यावर दहा मिनिटे तिथेच बसून राहा. कोण काय बोलते ते ऐका. मुले जे एरवी सांगत नाहीत ते त्या दहा मिनिटांत सांगतात. आमच्या पाचवीतल्या मुलाने ‘चक दे’ पाहिल्यावर सांगितले की वर्गात क्रिकेटच्या सामन्यादिवशी त्याला एक पोरगा चिडवतो. हे आम्हाला तोवर माहीत नव्हते.