रुग्णाची कैफियत आणि वैद्यकीय शिक्षण

दुसऱ्याच्या दुःखाने आपले मन हलणे, या अनुभवासाठी पाली वाङ्मयात 'अनुकंपा' हा शब्द येतो. 'अनु' म्हणजे मागोमाग आणि 'कंप' म्हणजे थरथरणे. दुसरा थरथरला की त्यापाठोपाठ आपणही थरथरावे, असा त्याचा मूळ अर्थ होय. आजच्या वैद्यकीय शिक्षणात ज्या गुणाला 'समानुभूती' म्हणतात, तो याच्या अगदी जवळचा आहे. हा गुण उपजतच असावा लागतो की तो शिकविता येतो, या प्रश्नाचा विचार वैद्यकीय महाविद्यालयांतून गेली काही दशके चालू आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयातील एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांची समानुभूती तिसऱ्या वर्षी, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांशी संबंध वाढतो त्याच काळात, लक्षणीयरीत्या घटते असे त्यात आढळून आले. रुग्णाच्या खाटेजवळ नेणारे शिक्षणच विद्यार्थ्याला त्याच्यापासून मनाने दूर नेत असेल, तर त्या शिक्षणाच्या पद्धतीचा फेरविचार करणे प्राप्त आहे. त्या विचाराला विनयपिटकातील एका प्रसंगाची मोठी मदत होऊ शकते.

तीन प्रश्न

महावग्गाच्या चीवरक्खंधकात पोटाच्या विकाराने आजारी असलेल्या एका भिक्खूचा वृत्तान्त आहे. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आनंदासह विहारातून फिरत असताना भगवान बुद्ध त्याच्यापाशी आले आणि त्यांनी त्याला तीन प्रश्न विचारले. तुला कोणता आजार आहे? तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय? आणि भिक्खू तुझी शुश्रूषा का करीत नाहीत? शेवटच्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर असे की, आपण इतर भिक्खूंच्या काही कामाला येत नाही, म्हणून ते आपल्याकडे पाहत नाहीत. त्यानंतर भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचावर ठेवले. संघाला उपदेश झाला तो त्यानंतर.

येथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्या रुग्णालयांतील केस पेपरवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'सोबत नातेवाईक' एवढ्यात आटोपते. तिसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वास्तविक त्या भिक्खूच्या आजाराचा अत्यंत दुःखद भाग तिसऱ्या उत्तरात होता. आपण निरुपयोगी ठरलो आहोत ही त्याची समजूत कोणत्याही तपासणीत दिसली नसती. ती विचारल्यावरच कळली.

उपमांची भाषा

याच खंधकात चांगल्या शुश्रूषकाचे आणि शुश्रूषेस सुकर अशा रुग्णाचे प्रत्येकी पाच गुण सांगितले आहेत. आजार वाढत असेल तर वाढतो आहे, उतरत असेल तर उतरतो आहे, असे शुश्रूषकाला जसेच्या तसे सांगणे हा रुग्णाच्या गुणांपैकी एक. म्हणजे रुग्णाच्या कथनाला उपचारातच स्थान दिलेले आहे. हे कथन कसे असते, याचे उत्तम उदाहरण मज्झिमनिकायातील अनाथपिंडिकोवादसुत्तात मिळते. अंथरुणाला खिळलेल्या अनाथपिंडिकाला सारिपुत्त विचारतात की, वेदना सहन होतात ना, त्या उतरत आहेत ना? अनाथपिंडिक चार उपमांनी उत्तर देतो. तलवारीच्या टोकाने कोणी डोके भेदावे, चामड्याच्या पट्ट्याने ते आवळावे, खाटकाने सुरीने गाईचे पोट कापावे, दोन बलवान माणसांनी दुबळ्याला धरून निखाऱ्यांवर भाजावे, तशा आपल्या वेदना आहेत असे तो सांगतो.

वेदनेचे माप आज शून्य ते दहा या आकड्यांत घेतले जाते आणि त्याचा उपयोगही आहे. परंतु ग्रामीण रुग्ण अजूनही 'इंगळी डसल्यागत', 'कुणी पिळून काढल्यागत' असेच बोलतो. विद्यार्थी त्याचे 'तीव्र वेदना' असे भाषांतर करून पुढे जातो. सारिपुत्तांनी मात्र उपमा तोडली नाही, ती पूर्ण होऊ दिली.

अभ्यासक्रमातील स्थान

आपल्याकडे तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ च्या तुकडीपासून वृत्ती, नीती व संवाद या विषयांचा स्वतंत्र पाठ्यक्रम लागू केला. त्याच्या पहिल्या वर्षातील एक घटकच 'रुग्ण असणे म्हणजे काय' हा आहे. विद्यार्थ्यांनी रुग्णालयात जाऊन रुग्णांशी बोलावे आणि त्यांचे अनुभव समजून घ्यावेत, अशी त्यात अपेक्षा आहे. महाराष्ट्रात याची पूर्वपीठिका जुनी आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्राम येथे सुरू झालेल्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेण्याची प्रथा आहे. विद्यार्थी गावात मुक्काम करतात आणि नेमून दिलेल्या कुटुंबांशी संबंध ठेवतात. आजार घरात कसा येतो, हे त्यांना त्या घरातच समजते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रीटा शॅरन यांनी या कामी एक साधी युक्ती योजिली. रुग्णालयाच्या नोंदवहीत जे लिहिता येत नाही, परंतु लिहिणे आवश्यक आहे, ते विद्यार्थ्याने साध्या भाषेत दुसऱ्या वहीत लिहावे आणि गटात वाचून दाखवावे. मराठी विद्यार्थ्याला वाचनासाठीही साहित्य उपलब्ध आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मधील महारवाड्यातील बाळंतपणांचे आणि बाळंतिणीच्या उपासमारीचे वर्णन वाचलेला विद्यार्थी रक्तक्षयाकडे निराळ्या दृष्टीने पाहील.

खडकवासला परिसराचे उदाहरण

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचा उद्रेक झाला. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि खडकवासला हा त्याचा मुख्य टापू होता. संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली आणि काहींचा मृत्यूही झाला. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला व दूषित पाण्याकडे संशयाने पाहिले गेले.

या आजारात पायांना मुंग्या येतात, मग बळ जाते आणि हा अशक्तपणा वर चढत जातो. श्वासाचे स्नायू दुबळे झाल्यास कृत्रिम श्वासयंत्र लावावे लागते. शुद्ध मात्र बहुधा शाबूत असते. अशा आजारात कैफियतीचे मोल दुहेरी आहे. 'पायात जीव नाही' हे पहिले वाक्य थकवा समजून सोडून दिले, तर निदानास विलंब होतो. आधी जुलाब झाले होते काय, पाणी कोठले प्यायले, हेही रुग्णच सांगू शकतो. पुढे यंत्रावर असताना तो सर्व ऐकतो, पण बोलू शकत नाही. खाटेशी उभे राहून त्याच्याविषयी बोलले जात असते आणि त्याच्याशी कोणी बोलत नाही. बरे होण्यास आठवडे, कधी महिने लागतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतून येते. घरी कोण करणार आणि 'मी आता कुणाच्या कामाचा' ही उर्वरित दोन प्रश्नांची उत्तरे मात्र माणसानेच विचारायची असतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. बाझेल येथील २००२ मधील अभ्यासात मध्ये न अडवलेले रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले. चारांपैकी तिघांहून अधिक जणांचे सांगणे दोन मिनिटांत संपले. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या आढाव्यात भारतातील प्राथमिक तपासणीचाच वेळ सुमारे दोन मिनिटे दिसतो. त्यामुळे केवळ डॉक्टरांना दोष देणे न्याय्य होणार नाही. ही व्यवस्थेची उणीव आहे. तथापि वॉर्डात ज्याच्यापाशी थोडा वेळ असतो तो विद्यार्थीच. ही सवय त्याच वयात लागली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, इतके ऐकून घेतल्यास विद्यार्थी खचेल. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात याचा विचार केला आहे. क्रूरता ही करुणेची दूरची शत्रू, तर दौर्मनस्य, म्हणजे शोकाने खचणे, हा जवळचा शत्रू असे ते सांगतात. जवळचा शत्रू करुणेसारखाच दिसतो, म्हणून तो ओळखणे कठीण. त्यावरील उपाय चीवरक्खंधकातील त्या प्रसंगातच दिसतो. भगवंत एकटे नव्हते, आनंद सोबत होता. आणि उत्तर ऐकताच पाणी आणले गेले. ऐकलेल्या दुःखाला कृतीची वाट मिळाली आणि ते वाटून घेणारा सहकारी मिळाला, म्हणजे ते मनात साचत नाही. म्हणून विद्यार्थ्याला ऐकावयास पाठविणाऱ्या शिक्षकाने स्वतः त्याच्यासोबत जावे आणि नंतर त्याचेही ऐकून घ्यावे.

अनुकंपा परीक्षेत गुण देऊन मोजता येईल असे वाटत नाही. परंतु तीन प्रश्न विचारणे, उत्तर न तोडता ऐकणे आणि त्याच दिवशी रुग्णासाठी एखादे लहान काम करणे, एवढे निश्चितपणे शिकविता येते. महाविद्यालयांनी पहिल्या वर्षी सुरू केलेला हा पाठ तिसऱ्या वर्षी, म्हणजे त्याची गरज सर्वाधिक असते तेव्हा, अधिक नेटाने चालवावा.