ऑक्टेन वाढले, हिशेब मात्र राहिला

जबलपूर जिल्ह्यातील मझौली येथे परवा माझ्या पुतण्याने टर्बो इंजिनाची नवी मोटार आणली. गावच्या पंपावर एकाच प्रतीचे पेट्रोल मिळते. त्याने विचारले, "काका, जबलपूरला जाऊन शंभर ऑक्टेनचे पेट्रोल भरू का? गाडीला जोर येतो म्हणतात." प्रश्न घरगुती असला, तरी त्याचे उत्तर देशाच्या इंधन धोरणापर्यंत पोहोचते.

ऑक्टेन अंक म्हणजे इंधनातील शक्ती, हा समज चुकीचा आहे. दाब व उष्णता वाढली तरी इंधन अवेळी आपोआप पेट घेणार नाही, याची ग्वाही तो अंक देतो. टर्बोचार्जर सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो. म्हणून तेथे हा गुण मोलाचा ठरतो. ऑक्टेन कमी पडले की इंजिन 'नॉक' करू लागते. आधुनिक यंत्रणा ते ओळखून ठिणगी उशिरा पाडते. इंजिन वाचते, पण जोर घटतो. उलट, ज्या इंजिनाची आखणी ९५ ऑक्टेनसाठी आहे, त्याला १०० ऑक्टेन देऊन फारसा लाभ होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले, तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये, म्हणजे साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट होता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला १९२१ साल आठवते. अमेरिकेत थॉमस मिजली यांना शिशाच्या संयुगाने नॉकिंग थांबते, असे आढळले. अल्कोहोलचा तोच गुण तेव्हाही ज्ञात होता. बाजाराने शिसे स्वीकारले. ते विष भारतातील पेट्रोलमधून हद्दपार व्हायला २००० साल उजाडले.

आज तेच अल्कोहोल इथेनॉल म्हणून परतले आहे. २० टक्के मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९१ वरून ९५ पर्यंत गेले. तेलाची आयात घटावी आणि ऊस, मका पिकवणाऱ्यांना बाजार मिळावा, हा हेतू रास्तच आहे. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच जुन्या बांधणीच्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्के घटेल, असे म्हटले होते. महिन्याला ५००० रुपयांचे पेट्रोल जाळणाऱ्याला ६ टक्के घटीमुळे सुमारे ३२० रुपये अधिक मोजावे लागतात. ही तूट भरून निघावी म्हणून मिश्र इंधनाचा दर कमी ठेवावा, अशी शिफारसही त्याच आराखड्यात होती.

इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयीन वाद मिटला. प्रशासनाचे कर्तव्य शिल्लक आहे. प्रशासनात आयुष्य घालवल्यावर मी एवढे निश्चित सांगू शकतो की, त्यागाचा हिशेब आधी मांडला, तर लोक तो आनंदाने करतात. तो लपवला, तर चांगल्या योजनेवरही संशय घेतात. प्रत्येक पंपावर ऑक्टेन अंक, इथेनॉलचे प्रमाण आणि मायलेजमधील अपेक्षित घट ठळक लिहावी, आणि दरात त्या घटीची भरपाई दिसावी.

पुतण्याला मी सांगितले, "आधी गाडीची पुस्तिका वाच. तिने मागितले तेवढेच ऑक्टेन भर." पुस्तिकेत ९१ किंवा त्याहून अधिक, असे लिहिले होते. त्याने गावातच टाकी भरली.