सिंहस्थ ते सिंहस्थ : वेबवरच्या चित्रांचा मागोवा

नाशिकमध्ये २०१५ चा सिंहस्थ कुंभमेळा भरला, तेव्हा वेबसाइट बनवणारे अनेकजण फोटो फोटोशॉपमध्ये उघडून हाताने लहान करत असत. जेपेग हे १९९२ पासूनचे चित्रांचे स्वरूप होते. गूगलचे वेबपी २०१० मध्येच आले होते आणि त्यात फाइल जेपेगपेक्षा साधारण २५ ते ३४ टक्क्यांनी लहान होई, पण आयफोनवरच्या सफारीत ते उघडत नसे. त्यामुळे वेबपी वापरायचे तर एकाच फोटोच्या दोन प्रती सांभाळाव्या लागत.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे मोबाइल इंटरनेट आले आणि पाहणारा मोबाइलवर गेला. येवल्याच्या पैठण्या, द्राक्षबागांतले मुक्काम, त्र्यंबकेश्वरचे फोटो कॅमेऱ्यातून आले तसे अनेक एमबींचे साइटवर चढू लागले. सुरगाणा-पेठकडच्या कमकुवत रेंजमध्ये ते उघडता उघडत नसत.

२०२० मध्ये चित्र पालटले. सप्टेंबरात सफारीने वेबपी स्वीकारले आणि ऑक्टोबरात वेबसाइट बनवण्याच्या नेक्स्ट जेएस या फ्रेमवर्कच्या दहाव्या आवृत्तीत इमेज कॉम्पोनंट आला. तो वापरल्यावर, ब्राउझर कोणते स्वरूप वाचू शकतो ते पाहून सर्व्हर स्क्रीनला साजेशा मापाची प्रत मागणी आल्यावर तयार करतो आणि पुढच्यासाठी साठवून ठेवतो. खालचे फोटो स्क्रोल केल्यावरच उतरतात. लांबी-रुंदी आधीच ठाऊक असल्याने मजकूर उड्या मारत नाही. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत एव्हीआयएफ या स्वरूपाची सोय झाली : फाइल वेबपीपेक्षाही लहान, पण ती तयार करायला सर्व्हरला जास्त वेळ लागतो. २०२४ च्या पंधराव्या आवृत्तीपासून स्वतःच्या सर्व्हरवर फोटो लहान करणारी शार्प ही लायब्ररी वेगळी बसवण्याचीही गरज उरली नाही.

तरी काही निर्णय माणसाचेच राहिले. पानावरचा सर्वात वरचा, मोठा फोटो आधी उतरावा हे सांगावे लागते. बाहेरच्या कोणत्या साइटवरचे फोटो घ्यायचे तेही नेमून द्यावे लागते, नाहीतर आपला सर्व्हर कुणाचेही फोटो लहान करत बसेल. शिवाय लहान केलेल्या फोटोच्या गुणवत्तेचा आकडा मुळात ७५ वर असतो. मंदिराच्या फोटोला तो पुरतो. पैठणीच्या पदरावरचा मोर आणि जरीची बारीक वीण मात्र पुसट होऊ शकते. गिऱ्हाईक जरीकाम पाहूनच साडी घेते, म्हणून विणकराच्या साइटवर हा आकडा वाढवणे हा त्याच्या कामाचा मान आहे.

आता २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. भाविकांसाठी नव्या साइट करणाऱ्यांनी ही सोय पहिल्याच दिवशी बसवावी आणि तपासणी ऑफिसच्या वायफायवर न करता, स्वस्त मोबाइलवर, गर्दीने तुंबलेल्या नेटवर्कवर करावी. घाटाचा नकाशा तिथे उघडला, तरच काम झाले असे समजावे.