'पर्याय' या शब्दाचा अर्थ आणि ऊर्जेचा प्रश्न

दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांची जागा घेऊ शकणाऱ्या साधनांना मराठीत आज 'पर्यायी ऊर्जासाधने' असे म्हटले जाते. यापूर्वी त्यांना 'अपारंपरिक' हे नाव होते. केंद्र सरकारने १९८२ साली स्थापन केलेला विभाग अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा होता. १९९२ साली त्याचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि २००६ साली त्या मंत्रालयाच्या नावात 'नवीन आणि नवीकरणीय' ही विशेषणे आली. 'अपारंपरिक' हे विशेषण वस्तुस्थितीला धरून नव्हतेच. गलबते वाऱ्यावर चालत, धान्य उन्हात वाळे, चुलीत लाकूड आणि गोवऱ्या जळत. परंपरा होती ती यांचीच. दगडी कोळशाचा मोठा वापर आपल्याकडे सुरू झाला तो आगगाडी आणि गिरण्या यांच्याबरोबर. तेव्हा हे विशेषण मागे पडले यात नवल नाही. परंतु 'पर्यायी' हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. कारण त्याच्या अर्थाविषयीची अस्पष्टता ऊर्जाविषयक चर्चेतही उतरलेली दिसते.

'परि' हा उपसर्ग आणि 'इ' म्हणजे जाणे हा धातू यांपासून 'पर्याय' हा शब्द सिद्ध होतो. फेरी, क्रम, पाळी हा त्याचा जुना अर्थ होय. अमरकोशात तो 'अनुक्रम' आणि 'परिपाटी' या शब्दांच्या पंक्तीत येतो. समानार्थी शब्द हा त्याचा दुसरा अर्थ. एकाऐवजी निवडता येण्याजोगी दुसरी वस्तू हा तिसरा अर्थ आधुनिक मराठीत रूढ आहे, आणि 'पर्यायी ऊर्जा' म्हणताना एवढाच अर्थ मनात असतो. एक काढून दुसरे ठेवावे, की काम झाले, अशी समजूत त्यातून होते.

समानार्थी शब्दांचा अभ्यास करणाऱ्यास मात्र ठाऊक असते की, सर्व ठिकाणी परस्परांची जागा घेतील असे दोन शब्द भाषेत क्वचितच सापडतात. 'पाणी' आणि 'जल' यांचा कोशातील अर्थ एकच. तथापि 'डोळ्यांत पाणी आले' या वाक्यात 'जल' बसत नाही आणि 'जलविद्युत्' या शब्दात 'पाणी' बसत नाही. म्हणून अमुक शब्द तमुक शब्दाचा पर्याय आहे काय, असे न विचारता, कोणत्या स्थानी पर्याय आहे, असे विचारावे लागते. हीच कसोटी इंधनांना लावून पाहता प्रश्नाचे स्वरूप पुष्कळसे स्पष्ट होते.

पहिले स्थान विजेचे. येथे कोळशाला पर्याय मिळाल्याचा महाराष्ट्राचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. १९१५ साली खोपोली येथील केंद्रातून मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली आणि दुरून आणाव्या लागणाऱ्या कोळशाची जागा घाटमाथ्यावर अडविलेल्या पावसाच्या पाण्याने घेतली. पुढे कोयना प्रकल्पाची क्षमता टप्प्याटप्प्याने १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. हा बदल सुलभ झाला याचे कारण उघड आहे. कोळशाप्रमाणे धरणातील पाणीही साठ्यात असते. पाऊस चार महिने पडला तरी त्याचा उपयोग वर्षभर, हव्या त्या घटकेला करता येतो.

सूर्यप्रकाश आणि वारा यांची गोष्ट निराळी. ते साठे नव्हेत, ओघ आहेत. सूर्य मावळला की सौरवीज थांबते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या सर्वांत जोमाने फिरतात त्या पावसाळ्याच्या महिन्यांत. यामुळेच क्षमतेचा आकडा आणि प्रत्यक्ष निर्मितीचा आकडा यांत मोठे अंतर पडते. २०२५ च्या मध्यास भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता जल, सौर, पवन, अणू इत्यादी खनिज इंधनेतर साधनांची झाली. परंतु २०२४-२५ या वर्षात निर्माण झालेल्या विजेपैकी सात दशांशांहून अधिक वीज कोळशाचीच होती. सौर संच वर्षभरात आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारणपणे एक पंचमांश एवढीच वीज देतो. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांतील एकच सांगितला, तर ऐकणाऱ्याची दिशाभूल होते.

येथे 'पर्याय' शब्दाचा जुना अर्थ उपयोगी पडतो. सूर्य, वारा आणि पाणी यांपैकी कोणतेही एक साधन कोळशाच्या जागी बसविता येत नाही. पण त्यांच्या पाळ्या लावता येतात. दिवसा सूर्य, पावसाळ्यात वारा, आणि दोहोंच्या अभावी साठविलेले पाणी, असा तो क्रम होय. घाटघर येथील २५० मेगावॅटचा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. विजेला मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातील पाणी पंपांनी वरच्या जलाशयात चढविले जाते आणि मागणी वाढताच ते पुन्हा खाली सोडून वीज घेतली जाते. या येरझाऱ्यात काही ऊर्जा खर्ची पडते. तथापि ओघाचा साठा होतो.

काही स्थानी तर पर्याय मूळ साधनाहून सरस ठरतो. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळे, आणि रात्रीची पाळी आली की शेतकऱ्यास अंधारात पाणी द्यावयास जावे लागे. पिकाला पाणी दिवसा देणेच सोयीचे असते. म्हणून २०१७ साली राज्यात सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सूर्याचा जो दोष मानला जातो, तो दोष उरत नाही.

याउलट काही स्थानी पर्याय सहजी बसत नाही. लोहखनिजातील प्राणवायू काढून घेण्याचे काम झोतभट्टीत दगडी कोळशाचा कोक करतो. तेथे तो केवळ इंधन नसून रासायनिक द्रव्य आहे. तेच काम हायड्रोजनकडून करवून घेणारा प्रायोगिक कारखाना स्वीडनमधील लुलेओ येथे २०२० साली सुरू झाला आणि पुढील वर्षी अशा पोलादाचा पहिला पुरवठा झाला. परंतु ती सुरुवात आहे. अलिबागनजीकच्या थळ येथील खतकारखान्यात नैसर्गिक वायू हा युरियाचा कच्चा माल आहे. सिमेंटच्या निर्मितीत बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून अधिक भाग इंधनातून येत नाही, तो चुनखडीतूनच सुटतो. भट्टीचे इंधन बदलले तरी तो राहतोच. उसापासून केलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळता येते, पण त्याच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, आणि उसाला लागणारे पाणी हिशेबात धरावे लागते.

स्थानाचा विचार करताना माणसांचाही विचार करणे प्राप्त आहे. मुळशी येथील धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. तो लढा यशस्वी झाला नाही. धरण पूर्ण झाले आणि १९२७ साली भिरा येथील केंद्र सुरू झाले. ती वीज धूररहित होती, नवीकरणीय होती; परंतु तिच्यासाठी बुडालेल्या भातखाचरांना पर्याय नव्हता. आज सौर आणि पवन प्रकल्पांसाठी माळराने व गायराने घेतली जात असता हा इतिहास विसरता येणार नाही. त्याचप्रमाणे चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आणि भोवतालच्या कोळसाखाणी यांवर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्यासाठीही पर्यायाचा अर्थ निश्चित करावा लागेल.

तात्पर्य, 'कोळशाला पर्याय आहे काय?' या प्रश्नास एका शब्दात उत्तर देता येत नाही. विजेच्या बहुतेक गरजांसाठी तो आहे. मात्र तो अनेक साधनांच्या पाळ्या लावून आणि साठवणुकीची सोय करूनच मिळेल. पोलाद, खत व सिमेंट यांसाठी तो अजून घडत आहे. आणि जेथे जमीन देणारा एक व वीज घेणारा दुसरा असतो, तेथे देणाऱ्यास काय मिळाले हे सांगितल्याखेरीज पर्यायाचा हिशेब पुरा होत नाही.