अकीक्याला काय न्यावं?

मैत्रिणीकडे बाळ झाल्याची खबर आली की आमच्या स्टाफरूममध्ये दोन प्रश्न लागोपाठ येतात. पहिला, "मुलगा की मुलगी?" दुसरा, "प्रत्येकी किती काढायचे?" अकोल्यात आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या आठ जणी आहोत. दुसऱ्या प्रश्नाने आमच्यातल्या एकीला किती दुखावलं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

आमच्यासोबत शिकवणारी एक मैत्रीण लग्नानंतर अमरावतीला गेली. तिला मुलगी झाली. अकीक्याची दावत आली. आम्ही प्रत्येकी पाचशे रुपये काढले आणि बॅटरीवर चालणारी मोठी मोटार घेतली. ते खोकं एसटीत कसंबसं चढवून मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला पोहोचवलं. दावतीत सगळ्यांनी कौतुक केलं. बाळ सात दिवसांचं होतं. मोटारीत बसायला त्याला अजून दोन-तीन वर्षं लागणार होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आम्ही सात जणीच गेलो होतो. आठवी घड्याळी तासिकेवर शिकवते. तिने तब्येतीचं कारण सांगितलं होतं. पुढे एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "त्या महिन्यात मानधन आलं नव्हतं. पाचशे कुठून आणू? आणि पैसे न देता तुमच्यासोबत तोंड वर करून कशी येऊ?" आम्ही गप्प झालो. बाळाला दुआ द्यायला जायचं होतं आणि आम्हीच तिच्या वाटेत पाचशे रुपयांचं फाटक उभं केलं होतं.

हदियाची किंमत

खरं तर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. शेजारणीने शेजारणीला दिलेली भेट, ती बकरीच्या खुराएवढी का असेना, क्षुल्लक समजू नये अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. ही हदीस सहीह बुखारीत आहे. मुलांच्या खेळण्यांबद्दलही आपल्याकडे सुंदर रिवायती आहेत. मदिनेच्या हजरत रुबय्यि बिन्त मुअव्विज (र.अ.) सांगतात की आशुऱ्याच्या रोज्याला मुलं भुकेने रडू लागली की आम्ही त्यांना लोकरीची खेळणी देत असू, म्हणजे इफ्तारपर्यंत वेळ जाई. ती खेळणी त्या माता घरीच करत. हजरत आयशा (र.अ.) यांच्या खेळण्यांत चिंध्यांचे दोन पंख लावलेला घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं प्रेषितांनी विचारलं, तेव्हा हजरत सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकलं नाही का, असं उत्तर त्यांनी दिलं आणि प्रेषित मनमोकळे हसले. ही रिवायत सुनन अबू दाऊदमध्ये आहे.

बी.एड. करताना आम्ही ताराबाई मोडक यांचं नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. लग्नानंतर त्या काही वर्षं आपल्या अमरावतीतच राहिल्या. पुढे त्यांनी 1945 साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाडी चालवली, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत हे त्यांनी ओळखलं. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतूनच त्यांनी मुलांची साधनं उभी केली. मुलाला वस्तूची किंमत कळत नाही. ती हातात धरता येते का, तिचं काही करता येतं का, एवढंच त्याला कळतं.

आम्ही काय केलं

अमरावतीच्या त्याच मैत्रिणीला दुसरं बाळ होणार असल्याचं कळलं, तेव्हा आम्ही ठरवलं की या वेळी वर्गणी नाही. जे न्यायचं ते हाताने करायचं. आमची आठवी मैत्रीण मात्र तयार होईना. ती म्हणाली, "तुम्ही दुकानातून आणाल आणि मी चिंधी घेऊन येईन, हे मला नको." तिचं म्हणणं बरोबर होतं. एकटीने हाताने केलं तर ते गरिबीचं लक्षण ठरतं. म्हणून नियम केला, सगळ्यांनी करायचं, मुख्याध्यापिका आपांनीसुद्धा. तेव्हा कुठे ती हसली. शिवणकामात आमच्यात तिच्याइतका हात कोणाचाच नाही. पुढचे चार शनिवार शाळा सुटल्यावर तीच आमची शिक्षिका झाली.

दुपटं. घरातली जुनी, सुती, मऊ झालेली साडी किंवा ओढणी घ्यावी. शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, "जुनं लुगडं लय नरम असते वो बाई, लेकराच्या अंगाले टोचत नाही." ओढणी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. सव्वादोन मीटरची ओढणी मधोमध दुमडली की दोन पदरी दुपटं होतं. कडा आत मुडपून शिवाव्यात आणि चार-चार बोटांवर धावदोरा घालावा. जरी, टिकल्या, लेस अजिबात नको. उशी शिवण्याचाही मोह टाळावा. पहिल्या वर्षात बाळाला उशीची गरज नसते.

चेंडू. आपला वऱ्हाड कापसाचा. गादी भरणाऱ्या पिंजारी भाईंकडून थोडी स्वच्छ पिंजलेली रुई आणली. सहा रंगांच्या कापडाच्या सहा पाकळ्या कापल्या. पाकळीची लांबी 16 सेंटीमीटर, मधली रुंदी साडेपाच सेंटीमीटर, आणि शिलाईसाठी चारही बाजूंनी एक सेंटीमीटर जास्त. पाकळ्या उलट बाजूने जोडून, उलटवून, रुई भरली की साधारण 10 सेंटीमीटरचा चेंडू होतो. तो बाळाच्या दोन्ही हातांत मावतो आणि कोणाला लागत नाही. धुतल्यावर मात्र आतली रुई पूर्ण वाळेपर्यंत उन्हात ठेवावा.

कापडी पुस्तक. हे आमचं सगळ्यांत लाडकं काम. सुती कापडाचे 20 सेंटीमीटरचे आठ चौकोन कापले. दोन-दोन जोडून चार पानं केली, कडांना काजाचा टाका घातला आणि एका बाजूने पानं एकत्र शिवली. असं पुस्तक एकीकडून उघडलं तर मराठी आणि पालथं करून दुसरीकडून उघडलं तर उर्दू. आतल्या सहा बाजूंसाठी आम्ही असे शब्द शोधले, जे दोन्ही भाषांत एकाच ध्वनीने सुरू होतात. क कापसाचा, काफ कपासचा. स संत्र्याचा, सीन संतऱ्याचा. प आणि पे दोन्ही पतंगाचे. च चंद्राचा, चे चाँदचा. न नारळाचा, नून नारियलचा. द आणि दाल दरवाज्याचे. रंगीत कापडाची चित्रं कापून शिवली, दोन्ही अक्षरं साखळी टाक्याने भरली. काही घरांत सजीवांची चित्रं नको असतात. या चित्रांची कोणालाच अडचण नाही.

एक कार्ड आईसाठी. बाळाला सगळे देतात, आईला कोणी विचारत नाही. बाळंतिणीचं घर जवळ असेल तर साध्या कार्डावर लिहून द्यावं, "जुमेरातचं जेवण आमच्याकडून" किंवा "रविवारी दुपारी दोन तास बाळ आमच्याकडे, तुम्ही झोपा." आमच्यातल्या एकीचं माहेर अमरावतीचं. सुटीत तिने आपल्या कार्डातला शब्द पाळला.

एवढी काळजी घ्या

लहान मूल प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालतं. म्हणून गुंडी, मणी, घुंगरू, चिकटवलेले डोळे काहीच लावू नये. खेळण्यांच्या मानकांत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी साधारण सव्वातीन सेंटीमीटर रुंदीच्या नळीत मावेल असा सुटा तुकडा धोक्याचा मानतात. नाडी किंवा दोरी वीतभराहून लांब नको, गळ्याभोवती अडकू शकते. पांढरा ओला फडका कापडावर घासून पाहावा. रंग सुटला तर ते कापड बाद. प्रत्येक शिवण जोराने ओढून बघावी आणि सुया मोजून परत ठेवाव्यात. दुकानातूनच खेळणं घ्यायचं असेल तर त्यावर आयएसआयचं चिन्ह बघावं. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात ते खेळण्यांना बंधनकारक आहे.

दोरा, सुया आणि रुई मिळून आम्हाला प्रत्येकी शंभर रुपयेही लागले नाहीत. एसटीचं अर्धं तिकीट काढून या वेळी आम्ही आठही जणी अमरावतीला गेलो. सामान एका पिशवीत मावलं. मैत्रिणीच्या कपाटावर ती मोटार अजून खोक्यातच होती. थोरली मुलगी चेंडू घेऊन अंगणात पळाली. आमची आठवी मैत्रीण बाळाला मांडीवर घेऊन बसली, ती जेवायला बोलावलं तरी उठेना. दुपट्याचे टाके कोणी घातले, असं घरातल्या नानींनी विचारलं, तेव्हा तिने मान खाली घातली आणि आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

हाताने करायला वेळ लागतो, हे खरं आहे. आम्हाला चार शनिवार लागले. पण बाळ होणार हे काही महिने आधी कळतं, आणि तेवढा वेळ पुरतो. तुमच्या कचेरीत, मोहल्ल्यात, बचत गटात पुढच्या वेळी "किती काढायचे?" असं कोणी विचारलं, तर एकदा आजूबाजूला बघा. कोण गप्प आहे? मग म्हणा, "काढायचे नाहीत, करायचं आहे. कोण काय करतंय?"