आम्ही लॉज बदलला

आम्ही उभयता लासलगावचे. आमच्यातील एकाने रेल्वेत 34 वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी पॉइंट्समन म्हणून. दुसरीने जवळजवळ तेवढीच वर्षे व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर कांदा निवडला. रेल्वेवाल्याला निवृत्तीच्या दिवशी हार मिळाला, नारळ मिळाला. खळ्यावरच्या बाईला निवृत्ती नसते. गुडघ्यांनी नाही म्हटले त्या दिवशी ती घरी बसली.

आजवर आम्ही प्रवास केला नाही असे नाही. 6 डिसेंबरला दादर, अशोक विजयादशमीला नागपूर, 13 ऑक्टोबरला आपले जवळचे येवला. पण या प्रवासात राहायचे कुठे, हा प्रश्नच कधी नव्हता. मंडप असे, फलाट असे, नाहीतर कुणा नातेवाइकाची दहा बाय बाराची खोली. चादर अंथरली की झाले घर. पैसे मोजून लॉजमध्ये झोपणे आमच्या दोघांच्याही आईवडिलांना आयुष्यात ठाऊक नव्हते आणि साठी उलटेपर्यंत आम्हालाही नव्हते.

केरळला जायचे ठरले ते निवृत्तीनंतरच्या रेल्वे पासामुळे. मंगला एक्सप्रेस मनमाडवरून जाते ती कोकण रेल्वेने थेट एर्नाकुलमला पोहोचवते. तिथून अलप्पुळा, म्हणजे जुने आलेप्पी, गाडीने तासा-दीड तासावर. नाशिकला कंपनीत असलेल्या पोराने मोबाइलवर फोटो पाहून लॉज ठरवला. रोजचे 1200 रुपये, 3 दिवसांचे 3600 आगाऊ भरले. फोटोत पांढरी चादर, खिडकीत नारळाचे झाड. आम्ही खूश.

शाळेच्या भूगोलात उष्ण कटिबंध शिकवतात. नकाशा पाहिला तर आपले लासलगावही कर्कवृत्ताच्या खालीच, म्हणजे उष्ण कटिबंधातच आहे. पण आपली हवा कोरडी. म्हणून तर उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने टिकतो. केरळात जूनपासून एक पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा दुसरा. आम्ही गेलो नोव्हेंबरात. सकाळी लख्ख ऊन, दुपार कलली की ढगांचा गडगडाट. धुतलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही. अशा हवेत बंद खोलीचे काय होते ते आम्हाला पहिल्याच रात्री कळले.

खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. फोटोतली खिडकी होती, पण ती दुसऱ्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडत होती. पलंगामागे भिंतीला काळी बुरशी. पंखा फिरे, पण वारा लागेना. आमच्यातील खळ्यावरच्या बाईंनी गादीला हात लावला, उशी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "अहो, ही गादी आतून सडलीय. चाळीत खालच्या थराचा कांदा बिघडला की असाच वास येतो. वरून काही दिसत नाही."

पॉइंट्समन म्हणाले, "असू दे गं. चार भिंती आहेत, दाराला कडी आहे. मी तर केबिनमध्ये बाकड्यावर रात्री काढल्यात. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

रात्रभर डास. दुसऱ्या दिवशी पहाटे खोकल्याची उबळ आली तीही पॉइंट्समनांनाच. तरीही ते म्हणाले, राहू दे, पैसे भरलेत. यावर जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

"पैसे भरलेत म्हणूनच म्हणते ना! फुकट झोपायला दिलं असतं तर मी बोलले नसते."

"परक्या मुलखात कशाला वाद? भाषा येत नाही."

"वाद नाही घालायचा. सामान उचलायचं आणि निघायचं. तुम्हाला भीती कशाची वाटते ते सांगा."

पॉइंट्समनांना उत्तर देता येईना. भीती मॅनेजरची नव्हती. आदल्या दिवशी रजिस्टरात नाव, आडनाव, गाव लिहिताना त्यांचा हात क्षणभर थबकला होता. तिथे आपले आडनाव कोणाला कळणार? तरी थबकला. जागा मिळाली आहे, आता तोंड उघडू नये, ही सवय हाडात मुरलेली. घरमालकाने नळ दिला नाही तरी गप्प, खोली गळली तरी गप्प. कारण दुसरी खोली मिळेलच याची खात्री कधी नव्हती.

वाचकांना बाबासाहेबांची बडोद्याची हकिकत ठाऊक आहेच. 1917 साली परदेशातून शिकून आलेला हा विद्वान बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेला, तर त्याला राहायला जागा मिळेना. पारशी सराईत पारशी नाव घेऊन राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्याने जागा सोडायला लावली. बाबासाहेबांनी ते सारे पुढे स्वतःच लिहून ठेवले. घटनेच्या 15 व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे मुद्दाम घेतलेली आहेत, ती कशासाठी, हे आपल्या घरात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या पॉइंट्समनांना हे कलम पाठ. जयंतीच्या भाषणात ते दरवर्षी सांगतात. पण कुबट खोलीत खोकत बसले असताना ते त्यांना आठवले नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

तर आम्ही सामान बांधले. काउंटरवर मॅनेजरला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले की खोलीला ओल आहे, दुसरी वरची द्या, नाहीतर उरलेल्या 2 दिवसांचे पैसे परत द्या. वरची खोली रिकामी नव्हती. पैशांबद्दल तो म्हणाला, मोबाइलच्या कंपनीला विचारा. पोराने नाशिकहून कंपनीला फोन केला, ती म्हणाली लॉजला विचारा. अर्धा तास हा चेंडू इकडून तिकडे. मग बाईंनी पॉइंट्समनांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्या सरळ रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मॅनेजर ओरडला नाही, अपमान केला नाही, हे सांगायलाच हवे. त्याने फक्त पैसे दिले नाहीत.

रिक्षावाल्याने आम्हाला कालव्याकाठच्या एका घरी नेले. म्हातारे नवरा-बायको राहतात, माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. या वेळी बाई आधी माडीवर गेल्या. गादी उलटी करून पाहिली, उशी हुंगली, नळ सोडला, दोन्ही खिडक्या उघडून वारा इकडून तिकडे जातो का ते पाहिले. घरमालकीण दारात उभी राहून हसत होती. भाडे 900. एकाच दिवसाचे दिले, पावती घेतली. रजिस्टरात या वेळी नाव बाईंनी लिहिले, ठळक अक्षरात, गावासकट.

भाषेचे म्हणाल तर दोघी बायकांचे अडलेच नाही. संध्याकाळी मालकिणीने स्वयंपाकघरातून मोठा लाल कांदा आणून दाखवला आणि म्हणाली, "सवाळा." तिकडे मोठ्या कांद्याला सवाळा म्हणतात, बारीक कांदा वेगळा. बाईंनी तो हातात फिरवला, मान दाबून पाहिली आणि खुणेने सांगितले, हा चाळीतला, जुना आहे, लवकर संपवा. केरळात आपल्याकडून कांदा जातो हे आम्हाला माहीत होते, पण निवडणारी बाई तो कोणाच्या चुलीपाशी बघायला जाते? दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी मासळीचे कालवण आले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या घरून आम्ही अंबलप्पुळाजवळच्या करुमाडीला गेलो. तिथे काळ्या दगडाची बुद्धमूर्ती आहे, लोक तिला करुमाडीकुट्टन म्हणतात. डावी बाजू नाहीच. हत्तीने मोडली असे सांगतात. एके काळी ओढ्यात पडलेली ही मूर्ती आज छपराखाली बसवली आहे. अर्धेच शरीर, पण चेहरा शांत. आम्ही मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटले. बसने वैकमलाही जाऊन आलो. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालू द्यावे म्हणून 30 मार्च 1924 ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, आपल्या काळाराम सत्याग्रहाच्या 6 वर्षे आधी. ज्या रस्त्यासाठी माणसांनी मार खाल्ला, त्यावर आता रिक्षा उभ्या असतात.

तीन दिवस ठरवले होते, आम्ही पाच राहिलो. खोकला दुसऱ्या रात्रीच थांबला.

घरी आल्यावर पोराने 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बाईंनी निघण्यापूर्वी त्याच्याच सांगण्यावरून बुरशीचे फोटो काढून ठेवले होते, ते उपयोगी पडले. दोन महिन्यांनी 1200 रुपये खात्यात आले, उरलेले 1200 आले नाहीत. पॉइंट्समन म्हणतात, जाऊ द्या. बाई म्हणतात, का जाऊ द्या? तक्रार अजून चालू आहे.

पुढचा पास कन्याकुमारीचा काढायचा विचार आहे. पोरगा विचारत होता, किती दिवसांची खोली ठरवू? त्याला सांगितले, पहिल्या रात्रीचीच ठरव, तीही माडीवरची. पुढचे आई जाऊन पाहील.