सुकी गोदी: जहाज टेकतं कशावर?

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय: जहाजाचं बूड दुरुस्त करायला पाणबुडे उतरवतात का? किरकोळ काम असेल तर हो. पण बुडाला चिकटलेली कालवं खरवडून रंग द्यायचा, पत्रे बदलायचे, म्हटलं की जहाज कोरड्यावर घ्यावं लागतं. त्यासाठी असते सुकी गोदी, म्हणजे ड्राय डॉक.

कल्पना साधी आहे बघा. समुद्राला लागून मोठा हौद, एका टोकाला दार. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढायचं. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये मुंबईत आले आणि 1750 मध्ये इथली पहिली सुकी गोदी उभी राहिली. पावसाळ्यात बातम्यांत ‘साडेचार मीटरची भरती’ ऐकतो ना, ती इथे कामाला आली. भरतीला जहाज आत, ओहोटीबरोबर बरंचसं पाणी आपसूक बाहेर, उरलेलं उपसायचं. याच वाडिया घराण्याने बांधलेलं, 1817 मध्ये पाण्यात उतरलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय!

पण खरी मेख आहे ठोकळ्यांत. जहाज हौदाच्या तळावर बसत नाही, रांगेने मांडलेल्या ठोकळ्यांवर बसतं, आणि ही मांडणी त्या-त्या जहाजाच्या नकाशाबरहुकूम करावी लागते. पाणी उतरताना सहसा मागचा भाग आधी टेकतो. आता थोडा भार ठोकळ्यांवर, बाकीचा पाण्यावर. ठोकळा खालून वर रेटतो, आणि जहाज डोईजड झाल्यासारखं वागू लागतं. पूर्ण टेकेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला.

बाहेर काढताना तोच धोका उलट क्रमाने, शिवाय दुरुस्तीत वजनं बदललेली. 5 डिसेंबर 2016 ला मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस बेतवा’ कलंडली, दोन नौसैनिक गेले. वेळ हीच होती, गोदीतून जहाज बाहेर काढण्याची.

म्हणून पाणी सोडण्याआधी हिशेब मांडतात: कुठलं यंत्र उतरवलं, कुठल्या टाकीत किती तेल, किती पाणी. आणि पाणी चढू लागलं की जहाज तरंगण्याआधी मध्येच थांबतात. माणसं तळाशी उतरतात, बॅटरी घेऊन एकेक व्हॉल्व्ह बघतात, कुठे पाझरतंय का. पाझरत असेल तर पाणी पुन्हा काढायचं, दिवस गेला तरी चालेल.